फिट आणि अनफिट यांच्या मधली माणसं : ठाणे-कल्याण पट्ट्यात मेंदूच्या आजारानंतर कामावर परतण्याचा इतिहास



आजचा विषय इतिहासाच्या कुठल्याही एका पुस्तकात एका जागी सापडणारा नाही. थोडा तो रेल्वेच्या नियमांत आहे, थोडा कामगार कायद्याच्या परिशिष्टांत आहे, थोडा रुग्णालयांच्या स्थापनेच्या तारखांत आहे. आम्ही हे तुकडे आज एकत्र ठेवून बघणार आहोत. प्रश्न साधा आहे. एखाद्या माणसाला पक्षाघात झाला, डोक्याला मार लागला, फिट्स येऊ लागल्या, कंपवात सुरू झाला. दवाखान्याने त्याला वाचवलं, घरी सोडलं. पुढे त्याला कामावर परत कोण नेतं? आणि गेल्या सव्वाशे वर्षांत ही जबाबदारी कोणाकोणाची मानली गेली?

ठाणे, कल्याण, डोंबिवली हा पट्टा आम्ही मुद्दाम निवडला आहे. हा पट्टा मुळात कामानेच उभा राहिला. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पुढच्या वर्षी ती कल्याणपर्यंत आली. मग लोकोशेड, मग गिरण्या-कारखाने, १९६० च्या दशकात एमआयडीसी, आणि मग रोज लोकलने मुंबई गाठणारी लाखो माणसं. 'काय करता?' हा इथला ओळख विचारण्याचा पहिला प्रश्न. त्यामुळे काम सुटलं की पगाराबरोबर त्या प्रश्नाचं उत्तरही जातं.

आधी शब्द बघूया, कारण शब्दांत बराच इतिहास साठलेला असतो. अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात, कंपवात, अपस्मार, आकडी, फेफरं, मिरगी. यातले बरेच शब्द जुने आहेत; वैद्यकाच्या ग्रंथांतून आणि लोकांच्या तोंडून चालत आलेले. पण गंमत बघा, आजार झाल्यावर कामाचं काय, याला आपल्याकडे जुना शब्द नाही. 'लाइट ड्युटी', 'फिट सर्टिफिकेट', 'अनफिट', 'डिकॅट' हे सगळे शब्द कारखान्याने आणि रेल्वेने दिले. मराठीत तर 'फिट' या एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ झाले. 'तो फिट आहे' म्हणजे धडधाकट, आणि 'त्याला फिट आली' म्हणजे रस्त्यात गर्दी जमली आणि कुणीतरी चप्पल किंवा कांदा हुंगायला आणला.

पहिला टप्पा : आत जाणारा दरवाजा

ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ साली सुरू झालं. नरोत्तमदास माधवदास या नावाने ते ओळखलं जाई. मुंबईतल्या धनिक कुटुंबाच्या देणगीतून उभी राहिलेली ही संस्था. आज आपण त्याला प्रादेशिक मनोरुग्णालय म्हणतो. मेंदूच्या आजारांच्या इतिहासात हे का आलं, असं कुणी विचारेल. कारण त्या काळात मेंदूचा आजार आणि मनाचा आजार यांच्यात आज आहे तशी भिंत नव्हती. ब्रिटिश काळातल्या वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत वेडाच्या प्रकारांमध्ये आणि कारणांमध्ये अपस्मार हा नेहमीचा रकाना असे. ज्याला वारंवार आकडी येते आणि ज्याला घरचे सांभाळू शकत नाहीत, तो याच दरवाजाने आत जाई.

त्या काळच्या अशा इस्पितळांमध्ये काम होतं. बागकाम, विणकाम, स्वयंपाकघरातली मदत. कामाने मन थाऱ्यावर राहतं, ही कल्पना तेव्हाही होती आणि ती चूक नव्हती. पण ते काम भिंतीच्या आतलं. त्याला बाजारातला पगार नव्हता आणि ते करता करता माणूस आपल्या जुन्या धंद्यावर पोचेल अशी सोयही नव्हती. १९१२ च्या लुनसी कायद्यात भरती कशी करायची आणि सोडायचं कोणाच्या हुकुमाने, हे तपशिलात आहे. सुटलेल्या माणसाच्या रोजगाराची व्यवस्था त्यात नाही. आम्ही याला पहिला टप्पा म्हणतो. काम हा उपचार आहे एवढं कळलं होतं. उपचाराचा शेवट कामावर व्हायला हवा, हे कळायचं होतं.

दुसरा टप्पा : रेल्वेचं वर्गीकरण

कल्याणमध्ये मात्र वेगळीच गोष्ट घडत होती. रेल्वेला माणसाच्या नसा आणि डोळे यांची काळजी करणं भाग होतं, कारण इंजिन चालवणाऱ्याला एका क्षणाची गुंगी आली तरी शेकडो जिवांचा प्रश्न. त्यातून वैद्यकीय वर्ग आले. आजही ए-वन, ए-टू, ए-थ्री, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू अशी उतरंड आहे. लोको पायलट ए-वन मध्ये लागतो. कचेरीतल्या कारकुनाला सी वर्ग पुरतो.

आता या उतरंडीचा एक अनपेक्षित फायदा बघा. ज्याला फिट आली तो ए-वन राहू शकत नाही, हे उघड आहे. पण तो सी-टू असू शकतो. म्हणजे 'हा माणूस कामाला लायक आहे का?' असा एकच ढोबळ प्रश्न न विचारता 'हा कोणत्या कामाला लायक आहे?' असा प्रश्न रेल्वेने विचारला. कल्याणच्या रेल्वे वसाहतीत 'डिकॅट झाला' हे वाक्य जुन्या लोकांच्या परिचयाचं आहे. मेडिकल डिकॅटेगरायझेशनचं ते घरगुती रूप. फुटप्लेटवरचा माणूस स्टोअरमध्ये, कचेरीत, नाहीतर चौकशी खिडकीवर जाई.

हे सगळं दयाबुद्धीने झालं असं मानायचं कारण नाही. शिकवून तयार केलेला माणूस फुकट घालवणं रेल्वेला परवडत नव्हतं, आणि संघटनाही जागी होती. शिवाय त्यात अपमानही होता. ज्याच्या शिट्टीने घाट जागा व्हायचा त्याला टेबलाशी बसून पावत्या लावायच्या. आणि पर्यायी जागा ठरावीक मुदतीत मिळाली नाही तर नोकरीच संपे. हा शेवटचा भाग १९९९ मध्ये बदलला, आणि तो का बदलला ते आपण पुढे बघू. पण आमच्या मते या पट्ट्यात मेंदूच्या आजारानंतर कामावर परतण्याची पहिली व्यवस्था डॉक्टरांनी घडवली नाही, ती रेल्वेच्या आस्थापना विभागाने घडवली.

तिसरा टप्पा : बोटांचा हिशेब

१९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला, १ जुलै १९२४ पासून लागू झाला. या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात एक तक्ता होता. उजवा हात कोपरापासून गेला तर कमाईची क्षमता ७० टक्के गेली. डावा गेला तर ६०. एक डोळा ३०. अंगठा २५. तर्जनी १०. इतर कुठलंही बोट ५.

हा तक्ता वाचताना थोडं हसू येतं, पण त्यात मोठी प्रगती होती. त्याआधी यंत्रात हात गेला तर मालकाची चूक सिद्ध करत बसावं लागे. आता हिशेब ठरला. त्याच परिशिष्टाखाली एक टीप होती, ती आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे. एखाद्या अवयवाचा वापर कायमचा आणि पूर्ण गेला, तर तो अवयवच गेला असं समजायचं. म्हणजे कामावरच्या अपघातात नस तुटून हात लुळा पडला तर कायदा त्याला ओळखत होता.

पण स्मरणशक्ती? शब्द न सुचणं? दुपारी दोननंतर डोकं चालेनासं होणं? एका वेळी दोन सूचना लक्षात न राहणं? या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता. परिशिष्टाबाहेरची इजा म्हणून दावा करता येई, पण तिथे मग डॉक्टरने क्षमता किती गेली ते सांगायचं. डोक्याला मार लागलेला माणूस डॉक्टरपुढे बसून नाव, गाव, वय नीट सांगतो. त्याचं काय गेलं आहे ते दहा मिनिटांत दिसत नाही. ते कामावर आठ तास काढल्यावर दिसतं.

न्यायालयांनी हा तक्ता हळूहळू माणसाजवळ आणला. १९७६ च्या 'एआयआर'मध्ये छापलेला सर्वोच्च न्यायालयाचा प्रताप नारायण सिंग देव खटला बघा. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. तक्त्याने हिशेब करायचा तर अंशतः अपंगत्व. न्यायालय म्हणालं, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून या माणसाचं अपंगत्व पूर्ण आहे. पुढे २०१० मध्ये राज कुमार विरुद्ध अजय कुमार या रस्ता अपघाताच्या खटल्यात हे तत्त्व आणखी स्पष्ट झालं. शरीराचं अपंगत्व किती टक्के आणि कमाई किती टक्के बुडाली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. हात गेलेल्या चालकाची कमाई जवळपास पूर्ण जाऊ शकते. त्याच इजेने सरकारी कारकुनाची कदाचित जाणारही नाही. रेल्वेने जे व्यवहारात केलं होतं, ते न्यायालयाने तत्त्वात मांडलं. इजा आणि काम एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय उत्तर मिळत नाही.

इथे एक बाजूची नोंद. या सगळ्या कायद्यात 'कामगार' म्हणजे पगार घेणारा. डोंबिवलीतल्या एखाद्या गृहिणीला पक्षाघात झाला आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा एका हाताने पोळ्या लाटू लागली, तर ते 'कामावर परतणं' कुठल्याच कागदावर येत नाही. लता वाधवा खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मृत गृहिणींच्या घरकामाचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. तेव्हा कुठे त्या कामाला आकडा मिळाला, आणि तोही बाई गेल्यावर. तिच्या पुनर्वसनाचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

रेयॉनचा धडा

आता कल्याणच्या पलीकडे जाऊ. शहाडला सेंच्युरी रेयॉन, मोहन्याला एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. दोन-तीन पिढ्या या नावांवर जगल्या. मोहन्याचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला. व्हिस्कोस रेयॉन करताना कार्बन डायसल्फाइड नावाचं द्रव्य वापरतात. ते नसांना आणि मेंदूला घातक आहे, हे जगाला फार पूर्वीपासून माहीत होतं. पॅरिसमध्ये ऑग्युस्त देल्पेश या डॉक्टरांनी १८५० च्या दशकातच रबर कामगारांमध्ये त्याचे परिणाम नोंदवले: हातपाय बधिर होणं, स्वभाव बदलणं, विसर पडणं. अमेरिकेत १९३० च्या दशकात ॲलिस हॅमिल्टन यांनी रेयॉन कामगारांचा प्रश्न लावून धरला. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत, कार्बन बायसल्फाइडची विषबाधा होती. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने कारखाना निरीक्षकांना कळवायचं.

आमच्या पट्ट्यातल्या कुठल्या कारखान्यात काय झालं याचा निवाडा करणं हा आजचा हेतू नाही. मुद्दा वेगळा आहे. ज्या आजाराचं कारण कामाच्या जागीच आहे, तिथे 'लवकर बरा हो आणि आपल्या जागेवर परत ये' हा सल्ला धोक्याचा ठरतो. शिसं, पारा, मँगेनीज, सगळ्यांना हेच लागू. त्या माणसाने कामावर परत यायला हवं, पण दुसऱ्या खात्यात. कामावर परतणं म्हणजे जुन्या खुर्चीत परतणं, हा समज म्हणून आपण सोडायला हवा.

चौथा टप्पा : मुलुंडच्या अलीकडचं आणि पलीकडचं

पुनर्वसन हे एक शास्त्र आहे, ही कल्पना आपल्याकडे मुंबईतून आली, आणि ती आणणाऱ्यांत एक ठळक नाव कमलाबाई निमकर यांचं आहे. जन्माने अमेरिकन, माहेरचं नाव एलिझाबेथ लंडी. विष्णू निमकरांशी लग्न करून त्या इथल्या झाल्या. फलटणचे शेतीशास्त्रज्ञ बनबिहारी निमकर हे त्यांचे चिरंजीव, आणि लेखिका जाई निमकर या सूनबाई, म्हणजे इरावती कर्व्यांची कन्या. कमलाबाईंनी अमेरिकेत जाऊन व्यवसायोपचाराचं शिक्षण घेतलं आणि १९५० मध्ये केईएम रुग्णालयात त्याची शाळा सुरू केली. आशियातल्या पहिल्या शाळांत तिची गणना होते. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली.

'व्यवसायोपचार' या शब्दाने फसू नका. त्याचा अर्थ नोकरी लावून देणं असा नाही. बटण लावणं, चहा करणं, पेन धरणं, हिशेब लिहिणं अशा रोजच्या क्रिया पुन्हा शिकवत माणसाला त्याच्या जगण्यात परत नेणं, हे ते शास्त्र.

मग एकामागून एक संस्था आल्या. १९५५ मध्ये हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था. १९५९ मध्ये अपंगांसाठीचं देशातलं पहिलं विशेष सेवायोजन कार्यालय, तेही मुंबईतच. १९६८ मध्ये व्यावसायिक पुनर्वसन केंद्र, ते पुढे शीवला. फातिमा इस्माईल यांनी पोलिओग्रस्त मुलांसाठी १९४७ मध्ये सुरू केलेलं काम याच धाग्यातलं.

पत्ते बघा आता. परळ, हाजी अली, शीव. सगळं मुलुंडच्या पलीकडे. कल्याण स्टेशन बोरीबंदरपासून ५४ किलोमीटरवर, ठाणं ३४ वर. अर्धं अंग लुळं पडलेल्या माणसाने आठवड्यातून तीनदा सकाळच्या लोकलने परळला यायचं म्हणजे सोबत घरच्या एकाचा रोजगार बुडवायचा. वागळे इस्टेट भरली, डोंबिवली एमआयडीसी भरली, वस्ती लाखांत गेली, तरी पुनर्वसनाची मोठी केंद्रं मुंबईतच राहिली. कळव्याला महापालिकेचं वैद्यकीय महाविद्यालय आलं ते १९९२ मध्ये. ठाण्यात मनाच्या आजारांसाठी १९९० पासून डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएचने केलेलं काम इथल्या श्रोत्यांना माहीत आहेच. मेंदू आणि नसांच्या आजारांसाठी तसं गावातलं घर मात्र उशिरा आणि तुकड्या-तुकड्यांनी उभं राहिलं. आधारगट, खाजगी फिजिओथेरपिस्ट, वाचाउपचार करणारी एखादी बाई, असं.

दुसरी गोष्ट, या जुन्या संस्थांच्या डोळ्यापुढे प्रामुख्याने पोलिओ आणि तुटलेला अवयव होता. त्या काळाचा तो खरा प्रश्न होता. मेंदूला मार लागलेल्यांच्या कामाचा अभ्यास युरोपात झाला तो युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात कुर्ट गोल्डश्टाइन यांनी फ्रँकफर्टला डोक्यात गोळी लागलेल्या सैनिकांसाठी संस्था चालवली आणि तिथे उपचाराबरोबर कार्यशाळा ठेवली. चाचणीत नापास होणारा माणूस ओळखीच्या कामात पास होतो, आणि उलटही घडतं, हे त्यांना तिथे दिसलं. दुसऱ्या महायुद्धात उरलच्या भागात अलेक्झांडर लुरिया यांनी हेच काम केलं. ब्रिटनमध्ये १९४४ साली अपंगांच्या रोजगाराचा कायदा झाला. १९७३ च्या युद्धानंतर इस्रायलमध्ये येहूदा बेन-यिशाय यांनी जखमी सैनिकांसाठी दिवसभराचे गट चालवले. १९८० च्या दशकात अमेरिकेत पॉल वेहमन आणि सहकाऱ्यांनी क्रम उलटा केला. आधी शिकवा मग कामाला लावा, याऐवजी आधी कामाला लावा आणि तिथेच सोबत उभं राहून शिकवा.

हे सगळं सैनिकांसाठी सुरू झालं, कारण सैनिकाचं देणं राष्ट्राला मान्य असतं. आमच्या पट्ट्यात डोक्याला मार लागतो तो लोकलमधून पडून, दुचाकीवरून, परातीवरून. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दोन लोकलच्या दारांत लटकणारे प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. कामावर जाणारीच माणसं ती. रेल्वे कायद्याचं १२४-अ कलम अशा वेळी भरपाई देतं. त्यात पैसा आहे, पण वाचलेल्याला कामावर परत नेणारा कुणी नाही.

पाचवा टप्पा : ईएसआय आणि मधला रकाना

आता या कथेतल्या सगळ्यात मोठ्या संस्थेकडे येऊ. १९४८ चा राज्य विमा कायदा, म्हणजे ईएसआय. वागळे इस्टेटचं आणि उल्हासनगरचं कामगार रुग्णालय आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी दिल्या. आजारपणात वर्षाला ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम. आणि पक्षाघातासारख्या लांब चालणाऱ्या आजारांत ८० टक्क्यांनी, दोन वर्षांपर्यंत वाढवता येणारा लाभ. दुसरं म्हणजे ७३ वं कलम. कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालक त्याला कामावरून काढू शकत नव्हता. ज्या गावात ठेकेदार सकाळी गेटवरून परत पाठवतो, तिथे हे कलम म्हणजे मोठा आधार होता.

पण त्याच कायद्याचं ६३ वं कलम वाचा. ज्या दिवशी कामगार काम करील, त्या दिवशी त्याला आजारपणाचा लाभ नव्हता. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. पगारही आणि भत्ताही कसा मिळेल? पण मेंदूचा आजार झालेल्या माणसाच्या बाजूने बघा. तो तीन महिन्यांनी दोन तास काम करू शकतो, सहा महिन्यांनी चार तास. त्याला हळूहळू चढायचं आहे. कायदा म्हणतो, एक तर पूर्ण आजारी राहा, नाहीतर पूर्ण कामावर ये. मग होतं काय? समजा एक फिटर आहे, लाभ संपत आला म्हणून तो फिट सर्टिफिकेट घेऊन पूर्ण पाळीला जातो. चौथ्या दिवशी थकवा, चुका, सुपरवायझरचा ओरडा. दोन आठवड्यांत तो राजीनामा देतो. कागदावर नोंद राहते की माणूस बरा झाला होता, त्यानेच नोकरी सोडली.

जर्मनीने यावर उपाय काढला, त्याला ते हँबुर्ग पद्धत म्हणतात. आजारपणाचा भत्ता चालू ठेवून दिवसाला दोन-चार तासांपासून कामाला सुरुवात करायची आणि काही आठवड्यांत वाढवत न्यायचं. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये डॉक्टरच्या दाखल्याचा नमुनाच बदलला. 'कामाला अयोग्य' याच्या शेजारी दुसरा पर्याय आला: 'अमुक सोयी केल्यास काम करता येईल'. त्याखाली कमी तास, टप्प्याटप्प्याने परतणं, कामात बदल, जागेत बदल अशा खुणा करायच्या. एका रकान्याचा फरक, पण डॉक्टरला आणि मालकाला बोलायला विषय मिळाला. आपल्याकडे हे जुने कामगार कायदे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गुंफले गेले. कायदा नव्याने लिहिताना हा मधला रकाना घालण्याची चांगली संधी होती.

सहावा टप्पा : हक्काची भाषा

१९९५ चा अपंग व्यक्ती कायदा ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला. त्याच्या ४७ व्या कलमाने सांगितलं की सरकारी सेवेत असताना अपंगत्व आलं तर नोकरीवरून काढता येणार नाही, हुद्दा उतरवता येणार नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्या, जागा नसेल तर जादा पद निर्माण करा. रेल्वेचे डिकॅटचे नियम १९९९ मध्ये बदलले ते यामुळे. ठरावीक मुदतीत जागा मिळाली नाही म्हणून नोकरी संपणं थांबलं. कुणाल सिंग खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाला बळ दिलं.

२०१६ चा नवा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून आला. सातऐवजी एकवीस प्रकार झाले. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सन, नावाने आले. वाचा आणि भाषेच्या अपंगत्वाच्या व्याख्येत वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने भाषा जाणं, हा शब्द आला. १९२३ च्या तक्त्यात ज्याला जागा नव्हती त्याला ९३ वर्षांनी नाव मिळालं. ४७ वं कलम नव्या कायद्यात वीसाव्या कलमात आहे.

तरी तीन फटी राहिल्या. पहिली, हे नोकरी टिकवण्याचं कलम सरकारी आस्थापनांसाठी आहे. डोंबिवलीतून लोकलने जाणारी बहुसंख्य माणसं खाजगी नोकरीतली. त्यांच्या कंपनीने समान संधी धोरण लिहून ठेवायचं, एवढं बंधन आहे. दुसरी, नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या कलमात मल्टिपल स्क्लेरोसिस आणि पार्किन्सन यांचं नाव आलेलं नाही. तिसरी, अपस्मार त्या एकवीसच्या यादीतच नाही. फिट्स औषधाने आटोक्यात असतात, मग अपंगत्व कसलं, असा युक्तिवाद होतो, आणि वैद्यकीयदृष्ट्या त्यात तथ्यही आहे. पण नोकरी जाते ती फिटच्या धास्तीने. १९७६ पासून १९९९ पर्यंत आपल्या विवाह कायद्यात वारंवार येणारी आकडी हा लग्नाच्या आड येणारा दोष होता. १९९९ मध्ये तो शब्द काढला. लग्नाच्या कायद्यातून कलंक गेला, मुलाखतीच्या खोलीतून अजून जायचा आहे.

इथे नेमकेपणा हवा. वाहन परवान्याच्या अर्जासोबत जो स्वयंघोषणेचा नमुना भरावा लागतो, त्यात अपस्माराबद्दल स्पष्ट प्रश्न आहे. रिक्षाचालकाला फिट येत असेल तर त्याने रिक्षा चालवू नये. उंचीवर, उघड्या यंत्रापाशी, टाकीवर काम करू नये. पण दुकानाचा हिशेब, पॅकिंग, संगणक, शिवण, शिकवणी यांत अडचण काय? रेल्वेने जे 'ए-वन नाही पण सी-टू आहे' म्हटलं, तेच इथे म्हणायचं.

इतिहासातून काय घ्यायचं

आम्हाला चार गोष्टी दिसतात. कामाची फोड करा. 'अकाउंटंट' हे एक काम नाही. त्यात फोन घेणं आहे, नोंदी आहेत, बँकेत जाणं आहे. वाचाघात झालेल्याला फोन जमणार नाही, नोंदी जमतील. पोळी-भाजी केंद्रात गल्ल्यावर बसणारा बोलू शकला नाही तर मागे भाजी निवडून, तोलून, डबे भरू शकतो.

दुसरं, प्रवास हा कामाचाच भाग धरा. आमच्या पट्ट्यात माणूस कामाने थकायच्या आधी लोकलने थकतो. गर्दीची वेळ टाळून अकराला यायची मुभा, आठवड्यातले दोन दिवस घरून काम, याने मालकाचं फार जात नाही. अपंगांच्या डब्याचंही तसंच. ज्याचा आजार दिसत नाही त्याला तिथे 'तुम्ही तर धडधाकट दिसता' हे ऐकावं लागतं. जिल्हा रुग्णालयातून मिळणारा दाखला आणि ओळखपत्र जवळ ठेवणं त्यासाठी तरी उपयोगी आहे.

तिसरं, थकव्यावर विश्वास ठेवा. मेंदूच्या इजेनंतरचा थकवा आळस नाही. विश्रांतीची वेळ आधी ठरवलेली असली तर माणूस जास्त तास टिकतो.

चौथं, शेजारच्या टेबलावरच्याला सांगा, आजारी माणसाच्या संमतीने. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, वेळ बघायची, पाच मिनिटांच्या वर गेली तर रुग्णवाहिका बोलवायची. एवढं दोघांना माहीत असलं तरी त्या कार्यालयातली भीती बरीचशी उतरते.

१९०१ ते आज असा हा प्रवास आहे. भिंतीच्या आतलं काम, रेल्वेचे वर्ग, बोटांचा तक्ता, परळची शाळा, ईएसआयचा भत्ता, २०१६ चा हक्क. प्रत्येक टप्प्याने काहीतरी दिलं, आणि फिट-अनफिटच्या मधली जागा बऱ्याचदा मोकळीच राहिली. ती जागा भरायला नवा कायदा येईपर्यंत थांबावं लागत नाही. आजच्या कायद्यात एखाद्या डॉक्टरला दाखल्यावर 'पहिले सहा आठवडे अर्धी पाळी, यंत्रापासून दूर' असं लिहायला कुणी मनाई केलेली नाही. ते वाचून हो म्हणणारा मालक लागतो, आणि ते मागायचं असतं हे माहीत असलेलं कुटुंब लागतं. आज ऐकणाऱ्यांत हे तिन्ही प्रकारचे लोक असतील, असं आम्ही धरून चालतो.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.